अंतराळ दिनाचे फोटो पाठवले. आता मुलांना रात्रीचं आकाश पाहू द्या

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

आपल्या जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. ऑगस्टमध्ये आपल्या कार्यालयाकडून शाळांना पाठोपाठ दोन परिपत्रकं आली. पहिल्यात आदेश होता की २३ ऑगस्टचा राष्ट्रीय अंतराळ दिवस सर्व शाळांनी उत्साहात साजरा करावा, रांगोळी, वक्तृत्व आणि प्रश्नमंजुषा घ्याव्यात आणि त्याच दिवशी दुपारी चारच्या आत फोटो लिंकवर टाकावेत. दुसऱ्यात म्हटलं होतं की विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने शाळेच्या वेळेनंतर कोणत्याही शाळेने कसलाही कार्यक्रम घेऊ नये. घेतल्यास मुख्याध्यापक जबाबदार राहतील.

या दुसऱ्या परिपत्रकाने आमच्या शाळेचं डिसेंबरातलं आकाशदर्शन बंद पाडलं. पालकांच्या संमतीपत्रांची फाइल तयार होती. ग्रामपंचायतीने मैदानाजवळचे दिवे दोन तास बंद ठेवायला होकार दिला होता. परिपत्रक हातात पडल्यावर मुख्याध्यापकांनी कार्यक्रम रद्द केला आणि त्यांच्या जागी दुसरं कुणीही असतं तरी तेच केलं असतं. मी केंद्रप्रमुखांमार्फत रीतसर अर्ज दिला, शिक्षण परिषदेतही विषय मांडला. ‘वरून आदेश आहे’ यापलीकडे उत्तर मिळालं नाही. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे. ते कुणा एका अधिकाऱ्याविरुद्ध नाही. ज्या विषयाबद्दल मुलांना ओढ वाटावी असं आपणही म्हणता आणि आम्हीही म्हणतो, तो विषय शाळेत नेमका कसा शिकवायचा, याबद्दल ते आहे.

अंतराळ हा विषय मला शिक्षिका म्हणून इतका जवळचा का वाटतो, ते आधी सांगते. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चं विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतरच्या आठवड्यात इस्रोने एक छोटासा आलेख प्रसिद्ध केला. विक्रमवरच्या ‘चेस्ट’ या उपकरणाने चंद्राच्या मातीत सळई खुपसून वेगवेगळ्या खोलीवर तापमान मोजलं होतं. पृष्ठभागावर पन्नास अंशांच्या वर आणि अवघ्या ८ सेंटिमीटर खोलीवर उणे १० अंशांच्या आसपास! हा आलेख मी फळ्यावर काढला आणि मुलांना विचारलं, आपल्या शेतात किती फरक पडेल?

उन्हाळ्यात दुपारी आम्ही शाळेमागच्या कोरड्या काळ्या रानात गेलो. प्रयोगशाळेतले दोन तापमापी घेतले. एकाचा फुगा मातीच्या वरच्या थरात जेमतेम झाकला, दुसरा पट्टीने मोजून आठ सेंटिमीटर खोल पुरला. वरचा पारा पन्नाशीच्या पुढे गेला, खालचा त्याहून बराच मागे राहिला, पण उणे दहाच्या जवळपासही जाण्याचं कारण नव्हतं. तिथून पुढचा तास मुलांनीच चालवला. एकाने विचारलं, ‘बाई, चंद्रावर सूर्य तर चौदा दिवस मावळत नाही, मग खालची माती तापत का नाही?’ या एका प्रश्नामागे उष्णतेचं वहन आहे, चंद्रावर हवा नसणं आहे, मातीच्या कणांमधली पोकळी आहे. आपल्या मातीच्या कणांमध्ये हवा असते, ओल असते आणि त्यांतून उष्णता खाली सरकते. चंद्रावरची भुकटी निर्वात. उष्णता जाणार ती मुख्यतः कण एकमेकांना टेकतात त्या बिंदूंतून. ‘उष्णतेचे सुवाहक आणि दुर्वाहक’ हा पाठ मी कितीतरी वर्षं चमचा आणि गरम पाणी घेऊन शिकवते आहे. त्या पाठावर असा प्रश्न मला पूर्वी कुणी विचारला नव्हता.

दुसरं उदाहरण आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचं. जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून ते साधारण ९३ मिनिटांत पृथ्वीला एक फेरी मारतं. सूर्यास्तानंतर किंवा पहाटे योग्य वेळी अंगणात उभं राहिलं की एखाद्या तेजस्वी ताऱ्यासारखं, न लुकलुकता सरकत जाताना दिसतं. दुर्बीण लागत नाही, पैसे लागत नाहीत, फक्त वेळापत्रक लागतं आणि ते नासाच्या ‘स्पॉट द स्टेशन’ या मोफत ॲपवर कुणालाही पाहता येतं. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर, त्यात ४०० मिळवा, परीघ काढा, ९३ ने भागा. आठवीच्या मुलांना हे गणित येतं. मिनिटाला साडेचारशे किलोमीटरच्या वर उत्तर आलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘म्हणजे आख्खा समृद्धी महामार्ग दीड मिनिटात!’ त्याने ७०१ किलोमीटर मनातच भागले होते. एरवी गणिताच्या तासाला तो मान खाली घालून बसतो.

साहेब, अंतराळ हा विषय शाळेसाठी असा आहे. तो मोजायला लावतो. आपल्या परिपत्रकांतून जे येतं, त्यात मोजणं कुठेच नाही. आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली तक्रार संध्याकाळच्या बंदीची. मुलींची सुरक्षितता हा खरा प्रश्न आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. माझ्या वर्गात वाडी-वस्तीवरून चालत येणाऱ्या मुली आहेत. पण त्याला अटी घालता येतात. पालक सोबत हवेत, किमान एक शिक्षिका हवी, कार्यक्रम साडेआठपर्यंत संपावा, पोलीस पाटलांना आधी कळवावं. हे सगळं आम्ही आजवर करतच आलो. सरसकट बंदीने झालं एवढंच की वर्षभरात ज्या एका रात्री विज्ञानाच्या निमित्ताने आख्खा गाव शाळेच्या मैदानावर येत होता, ती रात्र गेली. आमच्याकडे ‘मृग लागला’ हे लहान पोरालाही कळतं, पेरणी त्यावर ठरते. पण सूर्य मृग नक्षत्रात असतो त्या जूनमध्ये ते तारे दिसत नाहीत. ते दिसतात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, पूर्वेकडून वर येताना. त्रिकांडाचा बाण आणि त्या रेषेत खाली चमकणारा व्याध दाखवला की घरातली म्हातारी माणसंसुद्धा थांबून बघत राहतात आणि मग विचारतात, ‘मग पावसाच्या मृगाचा आणि ह्याचा संबंध काय?’ पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे समजावून सांगायला यापेक्षा चांगली सुरुवात मला माहीत नाही. ती दिवसाउजेडी, प्रोजेक्टरवर करता येणार नाही. आणि अंतराळ दिवस येतो ऑगस्टमध्ये, आपल्याकडे आभाळ भरलेलं असताना. त्या दिवशी आम्ही वर्गातच बसणार. हिवाळ्यातल्या रात्री मात्र आम्हाला हव्यातच.

दुसरी तक्रार निवडक मुलांना नेणाऱ्या इस्रो सहलीची, आणि ती मी जपून मांडते, कारण या सहलीला माझा विरोध नाही. ज्या मुलाने तालुक्याचं गावही क्वचित पाहिलं आहे, त्याने विमानात बसून श्रीहरिकोटा किंवा बंगळुरू पाहावं, याचा मला आनंदच आहे. प्रश्न आहे निवडीचा. यंदाची चाळणी परीक्षा मी पाहिली. इस्रोचे अध्यक्ष कोण, चांद्रयान-३ कोणत्या तारखेला निघालं, मंगळयान मंगळाभोवती कधी पोहोचलं, सगळे असेच प्रश्न. उत्तरं पाठ करता येतात आणि ज्यांच्या घरी पाठ करून घेणारं कुणी आहे त्यांची मुलं पुढे जातात. माझ्या वर्गातल्या एका मुलीने शाळा असेल त्या दर शुक्रवारी दुपारी ध्वजस्तंभाची सावली मोजून वहीत लिहिली, पावसाच्या दिवसांच्या जागा तारीख घालून रिकाम्या सोडल्या आणि सावलीची लांबी-आखूडता आलेखावर काढली. ती या परीक्षेत निवडली गेली नाही, आणि अशा परीक्षेत ती निवडली जाण्याची सोयही नव्हती. सहलीहून परतलेली मुलं पुढे काय करतात, हेही पाहण्यासारखं आहे. सत्कार होतो, फोटो निघतो, एका शाळेत एक भाषण होतं. त्यांनी पाहिलेलं बाकीच्या मुलांपर्यंत पोहोचवण्याची काहीच योजना नाही.

निवडीबद्दल आपल्याच मातीतलं एक उदाहरण आहे. डॉ. जयंत नारळीकरांकडे मुलं स्वाक्षरी मागायला यायची, तेव्हा ते म्हणत, मला पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही करून पाठवतो. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची उभारणी करणारा शास्त्रज्ञ मुलांकडून प्रश्न मागत होता. आपण उत्तरं मागतो आहोत, तीही चार पर्यायांतून एक.

तिसरी गोष्ट लहान आहे, पण शिक्षकांना ती लगेच कळेल. आम्ही वर्षानुवर्षं शिकवत आलो त्या पुस्तकांत विश्व आणि तारे यांचे पाठ शेवटी आहेत. सहावीत ‘विश्वाचे अंतरंग’ शेवटचा, सातवीत ‘तारकांच्या दुनियेत’ शेवटचा, आठवीत ‘ताऱ्यांची जीवनयात्रा’ शेवटचा. मासिक नियोजनाप्रमाणे गेलं तर ते येतात परीक्षेच्या तोंडावर, ‘महत्त्वाचे प्रश्न’ लिहून देण्यापुरते. नियोजनाचा क्रम बदलायचा म्हटलं की तपासणीला येणारे साहेब विचारतात, ‘डिसेंबरात हा पाठ कसा?’ डिसेंबरात आभाळ निरभ्र असतं म्हणून, साहेब.

चौथी तक्रार साहित्याची. काही वर्षांपूर्वी निवडक शाळांना दुर्बिणी मिळाल्या. आमच्या केंद्रात आलेली दुर्बीण कपाटात कुलूपबंद आहे, कारण तिच्यावर ‘मौल्यवान वस्तू’ म्हणून नोंद आहे आणि फुटली तर भरपाई कुणी करायची हा प्रश्न आहे. मी ती एकदा उघडून पाहिली. आरशावर बुरशीचे पांढरे तंतू पसरले होते आणि तिकाटण्याचा एक स्क्रू नव्हता. ती वापरायची कशी, साफ कशी करायची, याचं प्रशिक्षण कधी झालंच नाही. यंदा तर प्रयोगसाहित्यासाठी वेगळी तरतूद नसून संयुक्त शाळा अनुदानातूनच भागवावं, असं तोंडी सांगण्यात आलं. त्या अनुदानातून विजेचं बिल, खडू, रंगरंगोटी आणि किरकोळ दुरुस्त्या भागवून तापमापी घ्यायला काय उरतं, हे आपल्या लेखा विभागाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे.

पाचवी तक्रार माझ्या मनात सर्वांत खोल आहे. आपल्या सगळ्या कार्यक्रमांत फक्त यश असतं. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चं लँडर चंद्रावर आदळलं, त्याबद्दल प्रश्नमंजुषेत एक ओळ नसते. मला विचाराल तर शाळेसाठी तीच खरी शिकवण्याची गोष्ट. चांद्रयान-३ ची आखणी करताना इस्रोने काय काय बिघडू शकतं, याचा विचार आधी केला. उतरण्यासाठी आधी ५०० मीटर गुणिले ५०० मीटरचा चौकोन ठरवला होता, तो वाढवून ४ किलोमीटर गुणिले २.४ किलोमीटर केला. पाय मजबूत केले, इंधन जास्त दिलं. माझी मुलं प्रयोगवहीत काय करतात? उत्तर पुस्तकापेक्षा वेगळं आलं की खोडून पुस्तकातलं लिहितात. तपासनिसाला वही स्वच्छ हवी असते म्हणून. चुकलेलं माप खोडू नये, त्याच्या शेजारी कारण शोधून लिहावं, हे मी त्यांना चांद्रयान-२ आणि ३ शेजारी ठेवूनच पटवून देऊ शकले.

आपल्यापैकी काहींना वाटेल की ही बाई खेड्यातल्या शाळेकडून फार मोठी अपेक्षा करते. तर दोन गोष्टी सांगते. इंग्लंडमधल्या केटरिंग गावच्या शाळेत जेफ्री पेरी नावाचे भौतिकशास्त्राचे शिक्षक होते. साध्या रेडिओ रिसीव्हरवर ते मुलांना सोव्हिएत उपग्रहांचे संकेत ऐकवत आणि त्यांच्या वेळा नोंदवून घेत. १९६६ मध्ये एका उपग्रहाची कक्षा गणिताने मागे नेत या शाळेने ताडलं की तो नेहमीच्या तळावरून उडालेला नाही. सोव्हिएत संघाने गुप्त ठेवलेला प्लेसेत्स्कचा तळ जगाला कळला तो असा, शाळेतल्या नोंदवह्यांमधून.

दुसरी गोष्ट आपल्याच देशातली. विक्रम साराभाईंच्या कल्पनेतून ‘साईट’ हा प्रयोग झाला, तेव्हा १९७५-७६ मध्ये वर्षभर ६ राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहावरून थेट दूरचित्रवाणी पोहोचली. त्यात सकाळचे कार्यक्रम शाळेतल्या मुलांसाठी होते आणि हजारो प्राथमिक शिक्षकांना याच उपग्रहावरून विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. पुढे २० सप्टेंबर २००४ ला खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ सोडला. अंतराळ कार्यक्रमाने खेड्यातल्या शाळेचा विचार पहिल्यापासून केला आहे. त्यामुळे आम्ही काही नवीन मागत नाही.

आणि आपल्या राज्यात तर मदत करणाऱ्यांची वाण नाही. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल१ वरची ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या आयुकाने बनवली. नारायणगावजवळ खोडद आणि आसपासच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या आहेत आणि विज्ञान दिनाला तिथे शाळकरी मुलांची गर्दी असते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून लोकांना आकाश दाखवते आहे. बुलढाण्याचं लोणार सरोवर म्हणजे बेसॉल्ट खडकात आघाताने झालेलं, पावणेदोन किलोमीटरहून मोठं विवर. चंद्रावरच्या विवरांचा अभ्यास करणारे लोक त्यासाठी लांबून येतात. सहलीच्या यादीत आमच्या शाळांना मात्र वॉटर पार्क चालतो, लोणारच्या प्रस्तावाला ‘शैक्षणिक प्रयोजन स्पष्ट करा’ असा शेरा मिळतो.

तर मागण्या अशा आहेत.

संध्याकाळच्या कार्यक्रमांवरची सरसकट बंदी मागे घ्यावी आणि आकाशदर्शनासाठी पालकांची उपस्थिती, शिक्षिकेची हजेरी, वेळेची मर्यादा अशा लेखी अटी घालून परवानगी द्यावी. ही परवानगी गटशिक्षणाधिकारी स्तरावर, अर्ज दिल्यापासून आठवड्याच्या आत मिळावी. डिसेंबर उजाडायच्या आत हे व्हावं, ही कळकळीची विनंती.

विश्व आणि तारे यांचे पाठ डिसेंबर-जानेवारीत घेण्याची मुभा नियोजनात लेखी द्यावी.

इस्रो सहलीची निवड पाठांतराच्या परीक्षेवर करू नये. मुलाने स्वतः केलेल्या निरीक्षणांची एक वही आणि त्यातून पडलेला एक प्रश्न, एवढं मागावं. मुलाखत घ्यावी ती त्या वहीवर. निवडलेल्या मुलांनी परतल्यावर आपल्या केंद्रातल्या शाळांमध्ये जाऊन एक-एक प्रयोग करून दाखवावा. त्यांच्या प्रवासखर्चाची सोय सहलीच्या रकमेतच धरावी.

प्रत्येक उच्च प्राथमिक शाळेला दरवर्षी तापमापी, पट्ट्या, भिंगं, होकायंत्र आणि वह्या यांसाठी वेगळी रक्कम मिळावी, ती रंगरंगोटीत जाऊ नये. मोठी यंत्रं नकोत. शुभांशू शुक्ला जून-जुलै २०२५ मध्ये अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा त्यांनी तिथे मूग आणि मेथीला मोड आणण्याचा प्रयोग केला. तोच प्रयोग आम्ही मूठभर मूग आणि काचेच्या बरण्या घेऊन वर्गात केला. बरणी आडवी केली की दोन दिवसांत मूळ पुन्हा खाली वळतं. मग मुलं आपणहून विचारतात की ‘खाली’ नसलेल्या ठिकाणी ते कुठे वळत असेल.

असलेल्या दुर्बिणी दुरुस्त करून घ्याव्यात, प्रत्येक केंद्रातल्या किमान दोन शिक्षकांना त्या वापरण्याचं प्रशिक्षण द्यावं आणि वापरताना झालेल्या मोडतोडीची वसुली शिक्षकाकडून होणार नाही, असं पत्र काढावं.

२३ ऑगस्टच्या अहवालात फोटोंऐवजी एक रकाना असावा: त्या दिवशी मुलांनी काय मोजलं आणि उत्तर किती आलं. उत्तर चुकलं असलं तरी तसंच लिहायची सूचना सोबत द्यावी.

शेवटची मागणी एका ठरलेल्या दिवसाची आहे. २ ऑगस्ट २०२७ ला, सोमवारी, सूर्यग्रहण आहे. इजिप्तमध्ये ते खग्रास असेल, आपल्याकडून दुपारनंतर खंडग्रास दिसेल. ग्रहण म्हटलं की अनेक गावांत मुलांना घरात बसवतात, शाळेतली हजेरी घसरते आणि पोषण आहारही तसाच उरतो. पावसाळ्याचे दिवस असल्याने ढगांचा भरवसा नाही, पण ढग फाटले तर मुलांच्या हातात काहीतरी हवं. त्या दिवशी शाळा सुरूच राहतील आणि ग्रहण पाहणं हा त्या दिवसाचा तास असेल, असं परिपत्रक वेळेत काढावं. प्रमाणित ग्रहणचष्म्यांची मागणी आतापासून नोंदवावी, कारण ऐनवेळी ते मिळत नाहीत आणि मुलं काजळी धरलेल्या काचा नि एक्स-रेच्या फिल्म डोळ्यांना लावतात, त्याने डोळा कायमचा जाऊ शकतो. चष्मे कमी पडले तर सूचिछिद्राने पुठ्ठ्यावर प्रतिमा कशी पाडायची, ते प्रशिक्षण मी माझ्या केंद्रातल्या सगळ्या शाळांना, कसलंही मानधन न घेता, द्यायला तयार आहे. आपण फक्त तारीख कळवा.

आपली विश्वासू,
जिल्हा परिषद शाळेतील एक विज्ञान शिक्षिका